खाडीतली चिंबोरी: कायद्यात बसणारी शिकार, फगापासून पातेल्यापर्यंत

मुंबईत राहून शिकार करायची हौस असेल तर आधी एक वाईट बातमी ऐकून घ्या. ससा, तितर, लावा, रानडुक्कर यांतलं काहीही मारता येत नाही आणि फासा लावून जिवंतही धरता येत नाही. वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ च्या कलम ९ ने शिकारीला बंदी आहे. त्या कायद्यात 'शिकार' या शब्दाची व्याख्या इतकी ऐसपैस आहे की सापळा लावणं, फासकी टाकणं, हाकून आणणं, पक्ष्यांची अंडी उचलणं, एवढंच काय, यातल्या कशाचाही नुसता प्रयत्न करणं, सगळं तीत येतं. पूर्वी उंदीर, कावळे, वटवाघळं यांची एक 'उपद्रवी' यादी होती. २०२२ ची दुरुस्ती १ एप्रिल २०२३ पासून लागू झाली तेव्हा तीही गेली. गावाकडे पिकाची नासाडी करणाऱ्या डुकराला मारायची परवानगी मिळाली असं तुम्ही ऐकलं असेल. ती परवानगी पीक वाचवण्यासाठी असते, ताटासाठी नाही. मेलेलं जनावर सरकारी मालमत्ता ठरतं. आणि बंदुकीचा परवाना म्हणजे शिकारीचा परवाना नव्हे, हेही एकदा सांगून ठेवलेलं बरं.

मग उरतं काय? उरते खाडी. मासे, कोलंबी, चिंबोऱ्या यांतल्या ज्या जाती कायद्याच्या अनुसूचीत नाहीत त्या पकडून खायला वन्यजीव कायद्याची आडकाठी नाही, आणि खाडीतली काळसर हिरवी चिंबोरी, मालवणी माणसाची कुर्ली, अनुसूचीत नाही. सापळा रचायचा, सावज कुठून येईल ते ओळखायचं, वेळ साधायची, जिवंत धरायचं, घरी आणून स्वच्छ करून रांधायचं, असं शिकारीतलं जे काही शिकण्यासारखं आहे ते सगळं एका फगात आहे. फग म्हणजे लोखंडी कड्याला बांधलेलं उथळ जाळं. मध्यभागी आमिष, वरून दोरी. कोळीवाड्यात हे पोरंटोरंसुद्धा टाकतात. तरी नवख्या माणसाचा पहिला दिवस बहुतेक रिकामा जातो, आणि त्याला कारणं असतात.

कुठे टाकायचा, कुठे नाही

जागा निवडताना चुकलात तर पुढचं सगळं फुकट, म्हणून यावर जरा वेळ घालवतो.

ठाणे खाडीचा ऐरोली पुलापासून वाशी पुलापर्यंतचा पश्चिमेकडचा पट्टा २०१५ पासून फ्लेमिंगो अभयारण्य आहे. भांडुप, विक्रोळीच्या मागची खाडी म्हणजे हीच. बाहेरच्या माणसाने तिथे फग घेऊन जायचं नाही. संजय गांधी राष्ट्रीय उद्यानातले ओढे, पावसाळ्यात तिथे खेकडे कितीही दिसोत, वर्ज्यच. तिवरांची (खारफुटीची) झाडं सगळीकडेच संरक्षित आहेत आणि मोठं क्षेत्र वनखात्याच्या ताब्यात आहे. तेव्हा तिवरांत शिरायचं नाही. फांदी तोडून दोर बांधायला जागा करणं हा तर सरळ गुन्हा. फग टाकायला तिवरांत शिरावं लागतही नाही. चिंबोरी तिथून बाहेर येते ती वाट अडवायची असते. बंदराच्या आणि नौदलाच्या हद्दीतल्या धक्क्यांवर उभं राहूच नका.

आता घाणीचा प्रश्न. माहीमची खाडी, मिठी नदीचं मुख, नाल्यांची तोंडं इथली चिंबोरी खायची नाही. चिंबोरी तळाशी मिळेल ते खाते, आणि सांडपाण्यातले जड धातू तिच्या कवचाखालच्या पिवळट तपकिरी ऐवजात साठतात. नेमका तोच भाग लोक बोटं चाटत खातात. मुंबईच्या उत्तरेला गोराई, मनोरी, मढ-मार्व्याची बाजू, पुढे वसईची खाडी, नाहीतर पलीकडे उरण-अलिबागकडच्या खाड्या त्यातल्या त्यात बऱ्या. पाण्याला रॉकेलसारखा वास असेल, चिखल खणल्यावर डांबरासारखा तवंग सुटत असेल तर तिथून परत फिरायचं. तिसऱ्या आणि कालवं मुंबईच्या हद्दीत गोळाच करू नयेत असं आमचं स्पष्ट मत आहे. शिंपल्यांतला जीव पाणी गाळून जगतो, त्यामुळे नाल्यातलं सगळं त्याच्या पोटात जातं.

किनाऱ्यावर उभं राहून हाताने फग टाकायला नौकेचा परवाना लागत नाही. होडी घेतलीत की मात्र १९८१ चा महाराष्ट्र सागरी मासेमारी नियमन कायदा लागतो, नोंदणी आणि परवाना आलाच. आणि कागदापलीकडचा एक नियम असा की प्रत्येक खाडीवर कुणाचा तरी पिढ्यान्‌पिढ्यांचा वावर आहे. पहिल्यांदा जाताना कोळीवाड्यात विचारा. "काका, इथे फग टाकला तर चालेल का? कुणाची जागा आहे का?" एवढं विचारलं की बहुतेक वेळा जागा मिळतेच, वर चिंबोरी कुठल्या नाळेतून, म्हणजे खाडीच्या बारीक फाट्यातून, येते तेही कळतं. न विचारता कुणाच्या डोलीच्या (खाडीत रोवलेल्या पिशवीसारख्या जाळ्याच्या) खुंट्याजवळ दोर गुंतवलात तर शिव्या खाल, आणि त्या योग्यच असतील.

फग बांधणं

बाजारात तयार फग मिळतो, पण त्याची सळई बहुधा ६ मिलिमीटरची असते. ५० सेंटिमीटर व्यासाच्या कड्याला १ मीटर ५७ सेंटिमीटर सळई लागते. ६ मिलिमीटरच्या सळईत त्याचं वजन होतं जेमतेम ३५० ग्रॅम. एवढं हलकं कडं उधाणाच्या ओढीत घसरत जातं आणि दगडाला किंवा दुसऱ्याच्या दोरीला अडकतं. ८ मिलिमीटरची सळई घ्या, कडं ६२० ग्रॅमच्या आसपास भरतं आणि जागेवर बसतं. कुठलाही वेल्डिंगवाला वाकवून जोडून देतो. सांध्यावरचा खरखरीतपणा कानशीने घासून काढा, नाहीतर जाळं तिथेच फाटेल. कड्यावर जुन्या सायकल ट्यूबची पट्टी गुंडाळली तर गंज जाळ्याला लागत नाही आणि जाळं वर्षभर जास्त टिकतं.

जाळं नायलॉनचं, ३५ ते ४० मिलिमीटर आसाचं, म्हणजे भोकाचं. भाऊच्या धक्क्याच्या परिसरात आणि कोळीवाड्यांत जाळ्याचं सामान विकणारे असतात, तिथे तुकडा मिळतो. यापेक्षा बारीक आस घेतलात तर उचलताना पाणी आणि चिखल गाळून जायला वेळ लागतो, फग जड होतो आणि चिंबोरी तेवढ्यात उडी टाकते. मोठा आस घेतलात तर तिचे पाय आरपार जातात. मग ती पळत नाही, पण सोडवता सोडवता तुमची बोटं आणि तिच्या नांग्या दोन्ही जातात. जाळ्याचा पोटा १५ ते २० सेंटिमीटर खोल ठेवा. ताणून ढोलकीसारखं बांधलंत तर चिंबोरी चालत येते तशी चालत जाते.

कड्याला वरून तीन आखूड दोऱ्या बांधायच्या, प्रत्येकी ४० सेंटिमीटर, अगदी समान. तीनच का? तिवई कशीही ठेवली तरी डगमगत नाही, चार पायांचं स्टूल डगमगतं, तसंच. चार दोऱ्यांत एक नेहमी सैल राहते आणि उचलताना कडं एका बाजूला कलतं. तिन्ही दोऱ्या जिथे एकत्र येतात तिथे लिंबाएवढा जाळ्याचा बोया बांधा. तो दोऱ्यांना पाण्यात उभं धरतो. हा बोया बहुतेक नवखे लोक विसरतात. तो नसला की दोऱ्या आमिषावर पडतात, चिंबोरी त्यांना पाहून बुजते नाहीतर त्यांतच अडकून कड्याच्या बाहेर राहते.

बोयाच्या वर मुख्य दोर, ४ किंवा ५ मिलिमीटर जाड. लांबी किती? भरतीच्या वेळी जिथे जास्तीत जास्त खोली होईल तिच्या दुप्पट, पण ६ मीटरपेक्षा कमी नको. मुंबईत उधाणाच्या दिवसांत पाणी चार-साडेचार मीटरपर्यंत चढतं. ओहोटीला गुडघाभर पाण्यात ठेवलेला फग तीन तासांत डोक्याएवढ्या पाण्याखाली असतो. दोर पुरला नाही म्हणून बुडालेले फग दर वर्षी खाडीत किती राहतात त्याची गणती नाही. दुसऱ्या टोकाला बंद झाकणाची एक लिटरची रिकामी बाटली बांधा किंवा काठावरच्या खुंटीला टोक बांधून ठेवा. सुरुवातीला सहा फग पुरे. दहा घेऊन गेलेला माणूस फेरी पुरी करेपर्यंत पहिल्या फगातलं आमिष संपलेलं असतं.

पिंजरा का नको, असं विचारतात. नरसाळ्यासारख्या तोंडाचा बंद पिंजरा टाकून घरी जाता येतं, हीच त्याची वाईट गोष्ट. दोर तुटला तर तो पिंजरा तळाशी महिनोन्‌महिने चिंबोऱ्या धरत आणि मारत राहतो. वापरायचाच असेल तर एका बाजूची पट्टी सुती सुतळीने बांधा, म्हणजे हरवला तर सुतळी कुजून ती बाजू उघडते.

आमिष

आमिष सडकं हवं हा गैरसमज आहे. चिंबोरी मेलेलं खाते, कुजलेलं तिला चालतं पण आवडत नाही. ताज्या तेलकट माशाचा वास पाण्यात लांब जातो. बांगड्याचं डोकं, तारली, वामेचे तुकडे घ्या. वामेचं कातडं चिवट असल्यामुळे एकच तुकडा तीन-चार फेऱ्या टिकतो. कोंबडीचे पंजे स्वस्त आणि चिवट, पण वास कमी. अर्धे पंजे आणि अर्धी बांगड्याची डोकी असं मिसळून बांधलं तर दोन्हींचा गुण मिळतो. एका फगाला १०० ते १५० ग्रॅम पुरतं.

आमिष नुसतं बांधलं तर खरबी आणि बारके मासे ते कुरतडून टाकतात. जुन्या जाळ्याच्या तुकड्यात पुरचुंडी करून ती फगाच्या तळाच्या बरोबर मध्याला घट्ट बांधा. सैल असेल तर चिंबोरी पुरचुंडी ओढून कड्यापर्यंत नेते आणि तिथे बसून निवांत खाते. तुम्ही फग उचलता तेव्हा ती बाहेर.

वेळ

शिकारीचा अर्धा भाग भरती-ओहोटीचं गणित आहे, आणि ते कॅलेंडरवरच्या तिथीवरून तोंडी करता येतं. तिथीच्या आकड्याला पाऊणने गुणा, पूर्ण भरतीची वेळ मिळते. अमावास्या आणि पौर्णिमेला ती दुपारी आणि मध्यरात्री बाराच्या सुमारास येते. चतुर्थीला चार पाऊण तीन, म्हणजे तीन वाजता. अष्टमीला सहा वाजता. शुक्ल आणि वद्य दोन्ही पक्षांना हेच. अर्धा तास इकडेतिकडे होतो, त्यासाठी मोबाईलवरचा तक्ता आहेच. पण तिथीवरून येणारी वेळ आणि तक्ता यांत दीड-दोन तासांचा फरक दिसला तर तक्ता कुठल्या बंदराचा लावलाय ते बघा.

चिंबोरी पाणी चढायला लागलं की बाहेर पडते. ओहोटीत ती बिळात किंवा खोल नाळेत दबून असते. पाणी तिवरांच्या मुळांकडे सरकू लागलं की ती त्याच्याबरोबर चरायला निघते. म्हणून ओहोटी संपल्यावर साधारण दीड तासाने पहिला फग टाकायचा आणि पूर्ण भरतीच्या तासभर आधी आवरायचं. षष्ठीचं उदाहरण घ्या. सहा पाऊण साडेचार, म्हणजे पूर्ण भरती साडेचारला. त्याच्या सव्वासहा तास आधी, सकाळी सव्वादहाला पूर्ण ओहोटी. पावणेबाराला फग पाण्यात, साडेतीनला सगळं वर. सकाळची लोकल पकडून, जेवणाचा डबा घेऊन, संध्याकाळी घरी परत, असा हा सोयीचा दिवस आहे.

षष्ठी ते दशमीच्या भांगाच्या दिवसांत पाणी कमी चढतं आणि ओढ मंद असते. नवख्याने याच दिवसांत शिकावं. अमावास्या-पौर्णिमेच्या उधाणात चिंबोऱ्या जास्त फिरतात हे खरं, पण पाणी इतक्या जोराने येतं की फग टाकतोय कुठे आणि जातोय कुठे ते कळत नाही, आणि परतीची वाट तुमच्या मागे कधी बुडाली तेही. जून ते सप्टेंबर काठावर जाऊच नका. यांत्रिक नौकांना १ जूनपासून पावसाळी बंदी असते तो वेगळा विषय, पण खवळलेलं पाणी आणि विजा या कारणांनी ते महिने पायी जाणाऱ्यालाही बंदच समजा. ऑक्टोबर ते फेब्रुवारी हा चांगला काळ.

टाकणं आणि उचलणं

खाजणातून एखादी बारीक नाळ मोठ्या खाडीला मिळते ती जागा शोधा. पाणी चढताना चिंबोऱ्या त्याच तोंडातून आत शिरतात. फग तोंडाच्या दोन्ही अंगांना टाका, मधोमध नाही, कारण मधे ओढ जास्त असते. दोन फगांत ६ ते ८ मीटर अंतर ठेवा, नाहीतर एकाचा वास दुसऱ्याची गिऱ्हाइकं पळवतो.

फग फेकायचा नाही, सोडायचा. कडं आडवं धरून हळू पाण्यात द्या, दोर बोटांतून सुटू द्या. फेकलेला फग हवेत उलटतो आणि जाळं वर, कडं खाली, असा पालथा पडतो. तळाशी पोचला की दोर एकदा अलगद ताणून बघा. कडं टेकल्याचा बारीक धक्का हाताला लागतो. तो लागला नाही तर फग दगडावर कललाय, उचलून पुन्हा सोडा.

पंधरा ते वीस मिनिटं थांबा. त्याआधी उचलून बघायचा मोह सगळ्यांना होतो, आणि दर वेळी तुम्ही जवळ आलेल्या चिंबोरीला पळवून लावता. अर्ध्या तासाहून जास्तही नको. पोट भरलं की ती निघून जाते.

आता उचलण्याची खरी गोम. दोन टप्पे असतात. आधी दोराची ढिलाई इंचाइंचाने गोळा करायची, बोया हलू न देता, इतकी की दोर ताठ होतो पण कडं जागचं हलत नाही. मग श्वास रोखून एका दमात, न थांबता, एका हातामागून दुसरा हात घेत कडं पाण्याबाहेर. खेच चालू असते तोवर वरून येणारं पाणी चिंबोरीला जाळ्याच्या तळाशी दाबून धरतं. तुम्ही क्षणभर थांबलात की तो दाब संपतो आणि ती तिरकी पोहून निघते. रिकामे फग येण्याचं सगळ्यांत मोठं कारण हेच, आमिष नव्हे. मधेच हात बदलायला थांबावं लागत असेल तर काठावर अशी जागा घ्या की दोर सरळ वर येईल. कडं तिरकं ओढलं तर जाळ्याचं तोंडच बाजूला वळतं.

दोनदा फेरी करूनही त्या जागी काही नसेल तर तिसऱ्यांदा बघू नका, वीस-पंचवीस मीटर पुढे सरका. फगात फक्त बारक्या चिंबोऱ्या येत असतील तर पाणी फार उथळ आहे. सगळं आमिष दर वेळी गायब असेल आणि चिंबोरी एकही नाही तर मासे खातायत, पुरचुंडी बारीक आसाच्या जाळ्याची करा. फगात साप आला तर हात लावायचा नाही. समुद्रसाप आपल्या किनाऱ्यावर भरपूर आहेत, जहाल विषारी आहेत. फग पाण्यात पालथा करून तो आपोआप निघून जाऊ द्यायचा.

धरणं, बांधणं, सोडून देणं

चिंबोरी फगातून काढताना लांब काठीने तिची पाठ चिखलावर दाबा. मागून, सगळ्यांत शेवटच्या वल्ह्यासारख्या चपट्या पायांच्या मधोमध, अंगठा पाठीवर आणि दोन बोटं पोटाखाली अशी पकड घ्या. त्या जागी नांगी पोचत नाही. बाजूने धरलंत तर पोचते. आणि मोठ्या चिंबोरीच्या नांगीची पकड बोट फोडते, यात अतिशयोक्ती नाही. धरलंच तर ओढायचं नाही. ओढलं की ती आणखी आवळते. हात चिंबोरीसकट पाण्यात धरा, तिला पळायची वाट दिसली की बहुतेक वेळा सोडते.

बांधायला ओली सुतळी, पाऊण मीटर. कोरडी सुतळी निसटते. नांग्या तोंडासमोर दुमडून दाबा, सुतळीचा मध्य दोन्ही नांग्यांच्या पुढून आडवा घ्या, टोकं मागच्या पायांच्या पुढून पोटाखाली नेऊन फुलीसारखी आवळा आणि पाठीवर सुटी गाठ मारा. पहिल्या चार-पाच वेळा जमत नाही. तोवर सुती हातमोजे घाला. रबरी मोजा नांगीत फाटतो.

आता काय ठेवायचं. पाठीची रुंदी टोकापासून टोकापर्यंत १० सेंटिमीटरहून कमी असेल तर सोडा. मोजपट्टी नको, चिंबोरी दाबायच्या काठीवरच खूण करून ठेवा. राज्याने २०२३ मध्ये ५४ जातींसाठी पकडण्याचा किमान आकार ठरवून दिलाय. आमची १० सेंटिमीटरची मर्यादा ही त्यातली नव्हे, घरगुती शिस्त आहे. चिंबोरी उलटी करून पोटावरची झडप बघा. अरुंद त्रिकोणी असेल तर नर, रुंद अर्धगोल असेल तर मादी. झडपेबाहेर अंड्यांचा पिवळा-नारिंगी किंवा काळपट पुंजका लटकत असेल तर तिला लगेच पाण्यात. कवचाच्या आत असते ती लाख, आणि लाखेच्या चिंबोरीसाठी लोक जीव टाकतात. तरी एका दिवशी एकच मादी घ्यावी, बाकी नर घ्यावेत. नराच्या नांग्यांत मांस जास्त असतं, हा काही त्याग नव्हे.

भरलेली की पोकळ? पोटाच्या बाजूला, शेवटच्या पायांच्या मुळाशी अंगठ्याने दाबा. दगडासारखं लागलं तर भरलेली. आत दबलं तर नुकतीच कात टाकलेली, आत पाणी. तीही सोडा. काही आठवड्यांनी तीच भरून येईल. पौर्णिमेच्या चिंबोऱ्या पोकळ आणि अमावास्येच्या भरलेल्या असं म्हणतात. अंगठा जास्त भरवशाचा.

कासव, समुद्रघोडा, करवत मासा असलं काही फगात आलं तर फोटोसाठीही थांबू नका, हे सगळे अनुसूचीत आहेत. लगेच सोडायचं.

जिवंत घरी आणणं

बादलीत पाणी भरून चिंबोऱ्या टाकणं ही ठरलेली चूक. साचलेल्या पाण्यातला प्राणवायू तासाभरात संपतो आणि त्या गुदमरून मरतात. त्यांना पाणी नको, ओल हवी. खाडीच्या पाण्यात भिजवलेलं गोणपाट टोपलीत घाला, एकावर एक दोन थरांपेक्षा जास्त नको, वर पुन्हा ओलं गोणपाट, आणि सावलीत ठेवा. अशा दिवसभर सहज जगतात. नळाचं पाणी मारू नका. घरी जाताना लोकलच्या मालडब्यातून जा. साध्या डब्यात टोपली ठेवलीत आणि एक सुतळी सुटली तर पुढच्या स्टेशनपर्यंतचा प्रवास तुम्हाला विसरता येणार नाही.

वाटेत मेलेली चिंबोरी फेकून द्यायची. मेल्यावर तिचं मांस फार लवकर सडतं, आणि आतलं विष शिजवून जात नाही. पाय हलवत नसेल, डोळ्याच्या देठाला काडी लावली तर आत ओढत नसेल, तर ती मेलेलीच.

मारणं आणि साफ करणं

जिवंत चिंबोरी उकळत्या पाण्यात टाकू नका. ती तडफडते, आणि तडफडताना पाय-नांग्या टाकून देते. मग सगळा रस पाण्यात जातो. आधी अर्धा तास बर्फाच्या चुऱ्यात पुरा. पूर्ण सुस्त झाली की उलटी करा, पोटाची झडप उचला, खाली एक बारीक खळगा दिसतो. त्यात टोकदार सुरी किंवा दाभण सरळ आत, पाठीच्या कवचाला लागेपर्यंत घाला. दुसरा वार तोंडाजवळ, डोळ्यांच्या मधे, मागे तिरका. पाय सैल पडले की झालं.

मग सुतळी काढा, ब्रशने चिखल घासा. मागून बोटं घालून पाठीचं कवच उचला. दोन्ही बाजूंना राखाडी, पिसांसारखे कल्ले दिसतील, ते सगळे ओढून काढा, खायचे नाहीत. तोंडामागची पारदर्शक पिशवी म्हणजे जठर, तीही काढा. जागेबद्दल थोडीही शंका असेल तर पिवळट तपकिरी ऐवज काढून टाका. लाख वेगळी, ती घट्ट आणि नारिंगी असते. शरीराचे दोन तुकडे करा, नांग्यांवर बत्त्याने एक-एकच टोला द्या. चुरा केलात तर खाताना कवचाचे कण दाताखाली येतात.

बारीक पाय फेकू नका. ते मिक्सरमध्ये वाटीभर पाणी घालून फिरवा आणि कपड्यातून पिळून गाळा. हा रस कालवणाची खरी चव असतो. १ किलो चिंबोऱ्यांना, म्हणजे साधारण तीन-चार नगांना, लसणाच्या दहा पाकळ्या ठेचून तेलात टाका, अर्धा चमचा हळद, तीन चमचे आगरी किंवा कोळी मसाला, चिंबोऱ्या परता. दोन कांदे आणि अर्धी वाटी सुकं खोबरं भाजून केलेलं वाटण, पायांचा रस, पाच-सहा कोकमं, मीठ. मीठ शेवटी आणि बेताने घाला, चिंबोरी खारीच असते. झाकण ठेवून पंधरा मिनिटं. कवच लालभडक झालं तरी सांध्यातलं मांस कच्चं असू शकतं, म्हणून एक नांगी फोडून बघा. मांस पांढरं आणि कवचापासून सुटं हवं.

पावसाळ्यात कर्जत-मुरबाडकडच्या शेतांतून आणि ओढ्यांतून येणारे मुठे खेकडे हा वेगळा प्रकार. मादीच्या झडपेखाली पिल्लं असतात, ती पुन्हा पाण्यात सोडा. आणि हे कधीही अर्धकच्चे खाऊ नका. गोड्या पाण्यातल्या खेकड्यांत माणसाच्या फुप्फुसात जाणाऱ्या कृमीच्या अळ्या असू शकतात.

पायांची काळजी

खाडीच्या चिखलात गमबूट घालू नका. चिखल बुटाला वरून धरतो, पाय निघतो, बूट राहतो, आणि अनवाणी पाय कालवांवर पडतो. कॅनव्हासचे बूट, नाडी घोट्याभोवती आवळलेली. चालताना पाय उचलून टाकू नका, घसटत चला. तळाशी बसलेली पाकट अशी हलून जाते. उचलून टाकलेला पाय तिच्यावर पडला तर शेपटीचा काटा घोट्यात शिरतो. तशी जखम झाली तर सहन होईल एवढ्या गरम पाण्यात पाय अर्धा ते दीड तास बुडवून ठेवा, त्याने वेदना उतरते, आणि दवाखान्यात जा. कालवाने कापलेला पाय साबणाने धुवा. दुसऱ्या दिवशी लाल होऊन सुजत असेल तर घरगुती लेप नको, डॉक्टरकडे.

चिखलात कमरेपर्यंत रुतलात तर उभं राहून धडपडू नका. मागे रेला, वजन पाठीवर घ्या, एक-एक पाय हळू सोडवा आणि आडवे सरकत काठाला या. एकट्याने जाऊ नये ते याच कारणासाठी. सोबतीण किंवा सोबती काठावर थांबलेला हवा, आणि त्याच्याकडे दहा मीटर मोकळा दोर. निघण्यापूर्वी फग मोजा. सहा आणले होते, सहाच परत न्यायचे.